डिजिटल कला म्हणजे कालपरवाचा कोर्स?

‘विद्यापीठांत डिजिटल कला शिकवणं हे इंटरनेटनंतरचं फॅड, फोटोशॉपचा क्लास, फक्त फी जास्त,’ हा समज बरीच वर्षं फिरतोय. तारखा वेगळंच सांगतात.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅकसन यांनी ‘इलियॅक’ या संगणकाकडून तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी रचना करून घेतली, ती 1957 साली पूर्ण झाली. फोटोशॉप बाजारात आलं 1990 मध्ये! न्यूयॉर्क विद्यापीठातला आयटीपी (इंटरॅक्टिव्ह टेलिकम्युनिकेशन्स प्रोग्रॅम) हा कला आणि तंत्रज्ञान जोडणारा अभ्यासक्रम 1979 चा. तिथे आजही सेन्सर, सर्किट, कोड हाताळत नवं काहीतरी घडवायचं असतं. सॉफ्टवेअर हे त्यातलं एक हत्यार.

आणि आपल्याकडे? अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत 1969 साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर सूर निर्माण करणाऱ्या यंत्राचा, स्टुडिओ उभारला. यंत्र डिजिटल नव्हतं, ॲनालॉग होतं, हे मान्य. पण गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर प्रयोग केले, तेव्हा भारतात घरोघरी टीव्हीसुद्धा नव्हता. स्टुडिओ काही वर्षांतच थंडावला, तिथल्या ध्वनिमुद्रणांच्या टेप पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या उजेडात आणल्या, तोवर हे ‘नवं’ मानून आपण मोकळे झालो होतो.