क्रोशाच्या वस्तू प्रदर्शनात विकायच्या आहेत? नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रांची माहिती

क्रोशाचं काम करणाऱ्या बायका कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. बाळंतविड्यातली कुंची-टोपडं, दाराचं तोरण, टीव्हीवरचा रुमाल हे जुनं काम झालं. आता मुली बाहुल्या, पर्स, किचेन, न सुकणारी फुलं करतात आणि ती हातोहात खपतात. माल तयार असतो, हातात सफाई असते, पण प्रदर्शनाच्या अर्जात ‘नोंदणी क्रमांक’ असा रकाना आला की बऱ्याच जणी तिथंच थांबतात. मग कुणी सांगतं जीएसटी काढ, कुणी सांगतं गुमास्ता (दुकानाची नोंदणी) काढ, आणि न लागणाऱ्या कागदांसाठी एजंटला पैसे जातात. म्हणून कुठला कागद खरंच लागतो, कुठला नाही, आणि आधी काय करायचं ते इथं सांगते.

आधी करायचं ते एकच: केंद्र सरकारचं कारागीर ओळखपत्र. त्याला ‘पहचान कार्ड’ म्हणतात. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतलं विकास आयुक्त (हस्तकला) हे कार्यालय ते देतं. बाकीचे कागद सोयीचे आहेत. हे कार्ड मात्र पायाचं आहे, आणि का ते पुढं खेळण्यांच्या नियमात कळेल.

पहचान कार्ड कुणाला मिळतं, कसं मिळतं

वय १८ पूर्ण हवं आणि वस्तू स्वतःच्या हातानं करता यायला हवी. शिक्षणाची अट नाही, दुकान असण्याची अट नाही. घरी बसून करणारी गृहिणी, कॉलेजातली मुलगी, निवृत्त शिक्षिका, सगळ्या चालतात. दुसरीकडून माल आणून विकणाऱ्यांसाठी मात्र हे कार्ड नाही.

अर्ज ‘इंडियन हँडिक्राफ्ट्स’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुकाचं पहिलं पान, फोटो आणि केलेल्या कामाचे फोटो जवळ ठेवा. अर्जात हस्तकलेचा प्रकार यादीतून निवडायचा असतो. तिथं क्रोशे किंवा लेस याच्या सगळ्यात जवळचा प्रकार घ्या. घाईत ‘एम्ब्रॉयडरी’ निवडू नका. पुढं मेळाव्यासाठी अर्ज करताना कार्डावरची कला आणि स्टॉलवरचा माल जुळायला हवा. तेच नावाचं. आधारवर लग्नानंतरचं नाव आणि पासबुकावर माहेरचं, असं असेल तर आधी ते एक करून घ्या. अर्ज अडकण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे आणि बायकांच्याच वाट्याला ते येतं.

ऑनलाइन अर्जानंतर त्याच कार्यालयाच्या हस्तकला सेवा केंद्राकडून पडताळणी होते. त्या वेळी काम करून दाखवायची तयारी ठेवा. सुई, दोरा आणि अर्धवट केलेली एखादी वस्तू पिशवीत असू द्या. साखळी घालून चार मुके खांब, दोन खांब समोर विणून दाखवले की हात बोलतो, जास्त सांगावं लागत नाही. एक पूर्ण झालेली बारीक कामाची वस्तूही न्या. लोकरीच्या जाड कामापेक्षा सुती दोऱ्याचा रुमाल हाताची सफाई चांगली दाखवतो.

कार्ड मोफत आहे. ‘लवकर करून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

कार्ड हातात आलं की त्याच पोर्टलवरून गांधी शिल्प बाजार, क्राफ्ट बाजार अशा सरकारी मेळाव्यांसाठी अर्ज करता येतो. अर्ज, निवड आणि स्टॉलचं वाटप हे सगळं ऑनलाइन होतं. निवड झाली नाही तर पुढच्या मेळाव्याला पुन्हा अर्ज करा. आपली कला सरकारदरबारी लहान समजली जाते असा समज करून घेऊ नका. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशे लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालं, आणि तेही काम घरोघरी बसून बायकांनीच वाढवलेलं आहे.

बाहुल्या-खेळणी करत असाल तर हे नीट वाचा

खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० चा, आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क असल्याशिवाय ती बनवता किंवा विकता येत नाहीत. क्रोशाचा हत्ती, ससा, बाहुली ही खेळणीच झाली. घरी दहा-वीस बाहुल्या करणाऱ्या बाईला आयएसआय परवाना, प्रयोगशाळेतल्या चाचण्या हे परवडणं शक्यच नाही.

पण त्याच आदेशात नंतर दुरुस्ती होऊन एक सूट आली. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरानं स्वतः बनवलेल्या आणि स्वतः विकलेल्या वस्तूंना हा आदेश लागू नाही. म्हणजे पहचान कार्ड असेल तर तुम्ही केलेली बाहुली तुम्ही तुमच्या स्टॉलवर विकू शकता. कार्ड नसेल तर कायद्यानं तुम्ही उघड्यावर आहात. कार्डाला मी पाया म्हणते ते यासाठी.

सुटीचे शब्द नीट लक्षात घ्या: ‘बनवलेल्या आणि विकलेल्या’. शेजारणीनं केलेल्या बाहुल्या तुमच्या कार्डावर विकायच्या असतील तर ही सूट पुरत नाही. तिचंही कार्ड काढा. दोघी एका स्टॉलवर बसा, पण कार्डं दोन असू द्यात.

आणि सूट कागदाची आहे, काळजीची नाही. तीन वर्षांखालच्या मुलासाठी वस्तू असेल तर प्लास्टिकचे डोळे, मणी, बटणं लावू नका. डोळे दोऱ्यानंच भरा. मूल पहिल्यांदा डोळाच चावतं. आत भरलेला कापूस खांबांच्या फटीतून बाहेर येत नाही ना ते ओढून बघा. वस्तू फक्त शोभेची असेल तर तसं चिठ्ठीवर स्पष्ट लिहा, पण खेळणं म्हणून विकायचं आणि चिठ्ठीवर ‘शोभेची वस्तू’ लिहायचं, हे करू नका.

कार्टूनमधल्या पात्रांच्या बाहुल्यांना मागणी खूप आहे. त्या पात्रांचे हक्क कंपन्यांकडे असतात, त्यामुळे परवानगीशिवाय त्या विकणं धोक्याचं आहे. आपला हत्ती, आपला बैल, फेटा बांधलेला बाहुला करा. कोल्हापुरात येणारा पाहुणा तेच शोधत असतो.

जीएसटी: कोल्हापूरला हा प्रश्न वेगळा आहे

महाराष्ट्रातच माल विकत असाल आणि वर्षाची एकूण विक्री ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. प्रदर्शनाचा आयोजक जीएसटी नंबर मागत असेल तर त्याला ‘विक्री मर्यादेच्या आत असल्यानं नोंदणी नाही’ असं साध्या कागदावर सहीनिशी लिहून द्या. बहुतेक ठिकाणी हे चालतं.

पण आपण सीमेवरचे लोक. बेळगाव आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, गोवाही लांब नाही, आणि तिथल्या प्रदर्शनांना जाणाऱ्या कितीतरी जणी आहेत. दुसऱ्या राज्यात जाऊन तात्पुरता स्टॉल लावला की एरवी विक्री कितीही थोडी असली तरी नोंदणी सक्तीची होते. हस्तकलेच्या वस्तूंना मात्र यातून सूट आहे. त्याच्या अटी अशा: वर्षाची एकूण विक्री २० लाखांच्या आत हवी, पॅन कार्ड हवं आणि माल नेताना ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन काढलेला कागद, हवं.

हे ई-वे बिल बऱ्याच जणींना माहीतच नसतं. एरवी ते मोठ्या रकमेच्या मालाला लागतं, म्हणून ‘माझा माल आठ हजारांचा, मला कशाला’ असं वाटतं. पण नोंदणीतून सूट घेतलेला कारागीर हस्तकलेचा माल दुसऱ्या राज्यात नेतो तेव्हा किंमत कितीही असली तरी ई-वे बिल काढावं लागतं. ई-वे बिलाच्या पोर्टलवर नोंदणी नसलेल्या व्यक्तींसाठी वेगळी सोय आहे. तिथं मालाचं वर्णन, अंदाजे किंमत आणि गाडीचा नंबर भरायचा.

सूट मिळणाऱ्या वस्तूंची यादी ठरलेली आहे. त्यात हातानं केलेली लेस, कापडी-दोऱ्याच्या बाहुल्या आणि खेळणी, हँडबॅग-पर्स येतात. तुमची वस्तू यादीत बसते का, हे पहिल्यांदा बाहेर जाण्याआधी कर सल्लागाराला एकदा विचारा. एकदाच विचारायचं आहे, नंतर दरवेळी तेच चालतं.

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी: १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना ई-कॉमर्स साइटवर राज्यातल्या राज्यात विकता येतं. त्यासाठी पॅनवरून एक एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो.

उद्यम, गुमास्ता आणि बाकीचं

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, काढून ठेवाच. आधार आणि पॅनवर होते, कागद अपलोड करावे लागत नाहीत, शुल्क शून्य. बँकेत कर्जासाठी गेलं की हीच आधी विचारतात. व्यवसायाचा कोड निवडताना क्रोशाच्या कपड्यांसाठी १४३० चा गट, खेळण्यांसाठी ३२४० चा गट बघा. दोन्ही टाकता येतात. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट हजार-दोन हजार घेतात. साइटच्या पत्त्याच्या शेवटी gov.in हे सरकारी डोमेन आहे का ते बघूनच पुढं जा. पॅन नसेल तर उद्यम असिस्टची सोय आहे, त्यासाठी बँकेत विचारा.

गुमास्ता घरी बसून विणणाऱ्या एकट्या बाईला लागत नाही. राजारामपुरीत गाळा घेऊन दुकान थाटलंत तर लागेल, आणि वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना देऊन काम भागतं. महाद्वार रोडला किंवा रंकाळ्यावर पथारी टाकायची असेल तर विषय महापालिकेच्या फेरीवाला प्रमाणपत्राचा आहे. पहचान कार्ड दाखवून रस्त्यावर बसता येत नाही.

गावाकडच्या बायकांनी एकटीनं धडपडण्यापेक्षा बचत गटातून जावं असं माझं स्पष्ट मत आहे. ‘उमेद’ या बचत गटांच्या सरकारी अभियानातल्या गटांना जिल्ह्यातल्या प्रदर्शनांपासून मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनापर्यंत स्टॉल मिळू शकतो. त्यासाठी गटाचा ठराव, गटाचं बँक पासबुक, मालाचे फोटो आणि जाणाऱ्या दोघींची आधार कार्डं पंचायत समितीतल्या उमेद कक्षात द्या. गट नियमित बैठका घेतो, वह्या लिहितो, कर्ज फेडतो, हे बघितलं जातं, म्हणून वह्या अद्ययावत ठेवा.

पारंपरिक कारागिरांसाठीच्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल सतत विचारणा होते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि क्रोशे त्यात नाही. शिंपी आहे, पारंपरिक बाहुल्या-खेळणी बनवणारे आहेत. तुमचा मुख्य धंदा खरंच बाहुल्यांचा असेल तर त्या प्रकारात अर्ज करून बघा. पडताळणी ग्रामपंचायत किंवा महापालिकेपासून सुरू होते आणि शेवटचा निर्णय छाननी समिती घेते. शिवणकाम येत नसताना योजनेतून अवजारांसाठी मिळणाऱ्या १५ हजारांपायी ‘शिंपी’ लिहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला हा लाभ मिळतो. खोट्या अर्जापायी घरातल्या खऱ्या कारागिराची जागा जाते.

खासगी प्रदर्शनात स्टॉल घेताना

दसरा चौकात, एखाद्या हॉलमध्ये किंवा मैदानावर खासगी आयोजक प्रदर्शनं भरवतात. तिथं बहुतेक वेळा आधार, पॅन आणि भाडं एवढंच लागतं. कागद तुम्ही मागायचा आहे. भाड्याची पावती घ्या आणि तीवर स्टॉलचा नंबर, तारखा, टेबलांची संख्या, लाइटचा पॉइंट हे लिहून घ्या. प्रदर्शन रद्द झालं तर पैसे परत मिळणार का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी व्हॉट्सॲपवर लेखी विचारा. कलावस्तूंचं प्रदर्शन म्हणून बोलावतात आणि शेजारी कारखान्यातला तयार माल निम्म्या किमतीत लावतात, असंही होतं. आणखी कुणाकुणाचे स्टॉल आहेत ते आधी विचारून घ्या.

वस्तू पाकीटबंद करून विकणार असाल तर पाकिटावर वस्तूचं नाव, नग, एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापा. सुट्या वस्तूला दोऱ्यानं किमतीची चिठ्ठी बांधली तरी पुरे. विक्रीची वही रोजची रोज लिहा, यूपीआयचे पैसे व्यवसायाच्या वेगळ्या खात्यात घ्या. पुढच्या वर्षी ४० लाखांच्या आत आहात की नाही हे कुणी विचारलं तर दाखवायला हीच वही लागते.

पहचान कार्ड, आधार, पॅन आणि उद्यम प्रमाणपत्र यांच्या झेरॉक्स स्टॉलवर एका फाइलमध्ये ठेवा. तपासणीला कुणी आलं तर मूळ कार्ड दाखवा, पण हातातून सोडू नका. द्यायची ती झेरॉक्स, त्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहून.