घड्याळातला हिरवा दिवा आणि घड्याळातला ईसीजी

पुण्या-बेंगळूरला नोकरीला गेलेली मुलं आई-वडिलांना स्मार्टवॉच पाठवतात. खानापूर, निपाणीकडच्या खेड्यांतही हे आता नवं नाही. पण मनगटावर ठोक्यांचा आकडा दिसला की त्यालाच ईसीजी समजणारे बरेच जण आहेत, आणि ही गफलत जिवावर बेतू शकते.

घड्याळ उलटं करून बघा. पाठीवर हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. हिरवा प्रकाश रक्त शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा उजेड तेवढा कमी होतो; त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. म्हणूनच पट्टा सैल असला किंवा हात सारखा हलत असला की हिशेब चुकतो. भाताची लावणी करताना किंवा पॉवर टिलर धरलेला असताना दिसलेला आकडा मी तरी खरा धरणार नाही. थंडीत हात गार पडले तरी तीच गत. शिवाय आपल्याकडच्या कितीतरी आज्ज्यांच्या हातावर गोंदण असतं. त्याची शाई प्रकाश अडवते. दिवा नेमका तिथंच येत असेल तर घड्याळ दुसऱ्या हाताला बांधावं.

ईसीजीत प्रकाशाचा संबंध नाही, तो हृदयातली वीज टिपतो. त्यासाठी घड्याळाच्या पाठीवरचा धातू एका मनगटाला लागलेला हवा आणि दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या बटणावर किंवा धातूच्या कडेवर साधारण ३० सेकंद टेकवायला हवं. बोट टेकवायला अशी जागाच नसेल, तर डब्यावर काहीही छापलेलं असो, पडद्यावर पळणारी रेघ ईसीजी नव्हे. इथं गोंदण आड येत नाही. कोरडी कातडी आणि हाताची थरथर मात्र आलेख बिघडवते. हात टेबलावर टेकून, न बोलता ईसीजी काढावा.

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात ठोके अनियमित होतात, हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली तर लकवा येतो. हा त्रास कधी कधी येतो-जातो, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं ठीक झालेलं असतं. अशा वेळी घड्याळात जपून ठेवलेला आलेख डॉक्टरांच्या खरोखर कामी येतो.

हार्ट अटॅक मात्र हिरवा दिवा आणि घड्याळातला ईसीजी, या दोन्हींना ओळखता येत नाही. दवाखान्यातला ईसीजी हृदयाकडे १२ बाजूंनी बघतो, घड्याळाचा एकाच. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अशा वेळी ‘घड्याळात बघितलोय की, काय नाही’ म्हणून घरी बसू नका. लगेच १०८ला फोन करा.

निगेचं थोडक्यात: घड्याळ मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, रुतणार नाही इतपत घट्ट बांधावं. चिखल, घाम लागला की पाठ ओल्या फडक्यानं पुसावी. पट्ट्याखाली साबण राहिला तर पुरळ उठतं, म्हणून कोरडं करूनच पुन्हा बांधावं आणि चार्जिंगलाही कोरडंच लावावं. पेसमेकर बसवलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काही घड्याळं अंगातली चरबी मोजायला शरीरातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतात, ती सोय अशा माणसानं वापरायची नाही.