जळू द्या, पण तापू देऊ नका

कागलहून निघालेला महामार्ग कोगनोळीजवळ कर्नाटकात शिरतो, निपाणी ओलांडून तवंदीचा घाट चढतो आणि संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरी करत बेळगावात येतो. या वाटेवर आडव्या, गोल टाकीचे गॅसचे टँकर नेहमी दिसतात. गाडीवाले त्यांना ‘बुलेट’ म्हणतात. मोठ्या बुलेटमध्ये साधारण १८ टन द्रवरूप गॅस असतो. घरातला सिलिंडर १४.२ किलोचा, म्हणजे साडेबाराशेहून जास्त सिलिंडर एकाच गाडीत. असा टँकर घाटात कलंडला तर रस्त्याकडेची माणसं धावून जातात आणि ज्वाळा दिसली की ती विझवायला बघतात. दोन्ही गोष्टी मदतीच्या भावनेतून होतात आणि दोन्ही जिवावर बेततात. गॅसच्या बाबतीत आग विझवणं हे पहिलं काम नव्हेच.

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. आपल्या हवेत हे दोन्ही वायूच. दाबाखाली कोंडलेले असतात म्हणूनच द्रव राहतात. एक लिटर द्रव बाहेर आला की त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हा वायू हवेच्या दीड ते दोन पट जड असतो, त्यामुळे तो वर जात नाही. उताराने वाहतो, गटारात आणि रस्त्याखालच्या मोरीत शिरतो, विहिरीत उतरतो, उसाच्या सऱ्यांत साचून राहतो. त्याला स्वतःचा वास नसतो; नाकाला झोंबतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला इथाइल मरकॅप्टन.

हवेत हा गॅस साधारण दोन टक्क्यांपासून नऊ टक्क्यांपर्यंत असेल तेव्हाच पेट घेतो. दोन टक्के म्हणजे किती थोडा, हे हिशोब केल्यावर कळतं. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या स्वयंपाकघरात अंदाजे २८ घनमीटर हवा असते. ती सगळी पेटती करायला सव्वा किलोच्या आसपास गॅस पुरतो. शिवाय गॅस खोलीभर सारखा मिसळत नाही, तो खाली थर करून बसतो. म्हणून त्याहून कितीतरी कमी गळतीतही जमिनीलगतचा थर पेट घेण्याजोगा होतो. उभ्या माणसाच्या नाकाला पुरता वास येईपर्यंत पायाशी काय साचलं असेल ते सांगता येत नाही.

म्हणून घरात वास आला की रेग्युलेटर बंद करायचा आणि दार उघडायचं. खिडकी नुसती उघडून भागत नाही, कारण दार जमिनीपर्यंत उघडतं आणि गॅस जमिनीवर असतो. खानापूर, लोंढा, जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात महिनोन्‌महिने घरं बंद ठेवावी लागतात. तिथे हे विशेष ध्यानात ठेवायला हवं. दिवा लावायचा नाही, लागलेला असेल तर बंदही करायचा नाही. बटण दाबताना दोन्ही वेळा ठिणगी पडते. एक्झॉस्ट पंख्याचंही तेच. फ्रिज आपला आपण चालू होतो, म्हणून मेन स्विच घराबाहेर, गॅसपासून लांब असेल तर वीज तिथून तोडावी, एरवी हात लावू नये. देवघरातलं निरांजन माणसं हमखास विसरतात. रेग्युलेटर काढूनही गळती चालूच राहिली तर सिलिंडरच्या दोरीला लटकणारी प्लास्टिकची टोपी व्हॉल्व्हवर घट्ट बसवायची. ती टोपी त्याच कामासाठी दिलेली असते आणि बहुतेक घरांत ती पहिल्या दिवशीच कचऱ्यात जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. मग सगळ्यांनी बाहेर पडून, लांब जाऊन १९०६ ला फोन करायचा. गॅसगळतीसाठीचा हा देशभराचा क्रमांक आहे.

लग्नाच्या मांडवात आणि कुंदा आटवणाऱ्यांच्या भट्टीवर आणखी एक प्रकार चालतो, तो थांबायला हवा. मोठ्या शेगडीला गॅस भराभर लागतो. सिलिंडरमधला द्रव उकळून वायू होताना उष्णता स्वतःच्याच अंगातून घेतो, त्यामुळे सिलिंडर गार पडतो, त्याला घाम सुटतो, बुडाशी बर्फाचा पापुद्रा धरतो. दाब उतरतो, जाळ मंदावतो. मग कुणीतरी सिलिंडर आडवा करतं किंवा त्याच्याखाली विस्तव सारतं. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रवच नळीत उतरतो आणि शेगडीपाशी त्याचा अडीचशे पट फुगवटा होतो. विस्तव सारणं म्हणजे तर भरलेली टाकी बाहेरून तापवणं. दोन-तीन सिलिंडर एका मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्यांचा गॅस एकत्र आणणाऱ्या नळीला, जोडले की प्रत्येकावरचा भार कमी होतो आणि प्रश्नच मिटतो.

आता रस्त्यावर येऊ. टँकर कलंडला, गॅस गळतोय, पण पेटलेला नाही. सगळ्यात फसवी अवस्था हीच. गळतीभोवती पांढरं धुकं दिसतं. ते धुकं म्हणजे गॅस नव्हे. गार गॅसमुळे हवेतली वाफ निवून झालेले ते पाण्याचे थेंब असतात. गॅस अदृश्यच असतो आणि धुक्याच्या कडेच्या पुढेही पेट घेण्याइतका पसरलेला असू शकतो. फ्रान्समधल्या फेझां इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात ४ जानेवारी १९६६ रोजी असाच ढग गळतीपासून दीडशेहून अधिक मीटर दूरच्या रस्त्यापर्यंत गेला आणि तिथे एका मोटारीने तो पेटला. जयपूरजवळ २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे ट्रकच्या धडकेने टँकरचे नोझल तुटले, गॅस रस्त्यावर पसरला आणि एका क्षणात पुढच्यामागच्या अनेक गाड्या पेटल्या. टँकरला हातही न लावलेली, आपापल्या वाटेने चाललेली माणसं त्यात गेली.

आपल्या भागात ठिणगीची ठिकाणं कोणती, याचा विचार इथल्याच माणसांनी करायला हवा. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यालगत गुऱ्हाळांची चुलवाणं धगधगत असतात. वीटभट्ट्या असतात. ढाब्याची भट्टी असते. ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात; डिझेल इंजिन गॅसच्या ढगात सापडलं तर चावी काढूनही ते गॅस ओढून भरधाव फिरत राहू शकतं. म्हणून अपघात दिसल्यावर गाडी पुढे रेटून ‘पटकन निघून जाऊ’ म्हणणं घातक. इंजिन बंद करायचं, गाडी आहे तिथेच सोडायची आणि वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला, वाऱ्याला आडवं जात, चढाकडे चालत जायचं. वाऱ्याच्या दिशेने पळालं तर गॅसही आपल्याबरोबर येतो. गळती दिसताच चहूबाजूंनी निदान १०० मीटर मोकळं करायचं. गळती मोठी असेल तर वारा वाहतो त्या अंगाला ८०० मीटरपर्यंतची वस्ती हलवावी लागते. वीज तोडायची तीही हेस्कॉम या वीज कंपनीला सांगून लांबच्या उपकेंद्रातून, गावातल्या खांबावरून नव्हे.

आणि पेटलेलाच असेल तर? इथे विज्ञान आपल्या सहजबुद्धीच्या विरुद्ध जातं. गळणारा गॅस जळतोय म्हणजे तो साचत नाही. ज्वाळा कुठे आहे, किती मोठी आहे, हे डोळ्यांना दिसतं. गळती चालू असताना ज्वाळा विझवली, तर तोच गॅस न दिसता पसरत राहतो आणि पुढची ठिणगी मिळाली की भडका एका जागी न होता सगळीकडे एकदम होतो. म्हणून अग्निशामक दलाचा नियम असा की गळती बंद करता येत नसेल तर आग विझवू नये. घरच्या सिलिंडरलाही हेच लागू. रेग्युलेटरपाशी जाळ असेल आणि ओल्या जाड कापडाने झाकून त्याच दमात कळ फिरवता येत असेल तरच ते करावं. एरवी माणसांना बाहेर काढावं.

मात्र जळू द्यायचं म्हणजे गप्प बसायचं असं नाही. ज्वाळा टाकीलाच चाटत असेल तर आतलं गणित फार वेगाने बदलतं. चुलीवरच्या पातेल्यात पाणी आहे तोवर त्याचं बूड जळत नाही, कारण आच पाण्याला उकळण्यात खर्च होते. टाकीतही द्रवाच्या पातळीखालचा पत्रा असाच वाचतो. पातळीच्या वरच्या पत्र्यामागे मात्र नुसता वायू असतो. तो उष्णता ओढून घेऊ शकत नाही, आणि पत्रा काही मिनिटांत ५००-६०० अंशांवर जातो. या तापमानाला पोलादाची ताकद निम्म्यावर येते. दरम्यान द्रव उकळून दाब वाढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, शिट्टी वाजवत वायू बाहेर पडतो. पाहणाऱ्याला वाटतं, चला, दाब सुटतोय. पण व्हॉल्व्ह दाब आवरतो, पत्र्याला गार करत नाही. उलट द्रव जितका कमी होतो तितका कोरडा पत्रा वाढतो. शेवटी नरमलेला पत्रा फाटतो. दाब एकाएकी जातो आणि उरलेला सगळा द्रव क्षणात उकळून पेट घेतो. अग्निशामक या स्फोटाला ‘ब्लेव्ही’ म्हणतात. १८ टनांच्या टाकीचा नेहमीच्या सूत्राने हिशोब केला तर सुमारे दीडशे मीटर व्यासाचा आगीचा गोळा होतो आणि दहा-बारा सेकंद टिकतो. टाकीचे तुकडे त्याहून खूप लांब जातात.

फेझांमध्ये नेमकी हीच समजूत नडली. जळणाऱ्या गोल टाकीला तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह सांभाळेल असं धरून पाणी शेजारच्या टाक्यांवर मारलं गेलं. सुमारे दीड तासाने ती फुटली. त्या दुर्घटनेत १८ माणसं गेली. अमेरिकेतल्या किंगमन गावात ५ जुलै १९७३ रोजी रेल्वेच्या गॅस टाकीला वीसेक मिनिटांतच असं झालं आणि ११ अग्निशामक गेले. केरळात कण्णूरजवळ चाला इथे २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री टँकर दुभाजकाला धडकून उलटला. २० जणांचा जीव गेला, त्यात रस्त्यालगतच्या घरांतली माणसं होती.

तेव्हा बंबाचं पहिलं पाणी ज्वाळेवर नाही, टाकीच्या वरच्या अंगावर पडायला हवं, आणि ते न थांबता. शक्य तितक्या लांबून, माणसाने न धरलेल्या स्थिर नळातून. गळणाऱ्या तोंडावर किंवा सेफ्टी व्हॉल्व्हवर थेट पाणी मारायचं नाही, कारण तिथे बर्फ धरून व्हॉल्व्ह अडकतो. पाणी पुरणार नसेल, व्हॉल्व्हची शिट्टी चढत चालली असेल किंवा टाकीचा रंग बदलू लागला असेल, तर जवानांनीही मागे यायचं. अशा टँकरभोवती चहूबाजूंनी १,६०० मीटर मोकळं असावं. दीड किलोमीटर लांबून मोबाईलवर नीट चित्रीकरण होत नाही, आणि तसंच असलं पाहिजे.

फोनवर काय सांगायचं ते टँकरच्या पाठीवर लिहिलेलं असतं. फलकावर यूएन क्रमांक, म्हणजे मालाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, १०७५, लाल चौकटीत ज्वाळेचं चिन्ह, आपत्कालीन फोन नंबर आणि ‘२’ ने सुरू होऊन ‘ई’ या इंग्रजी अक्षराने संपणारा संकेत. त्यातला २ म्हणजे पाणी बारीक फवाऱ्याने मारा, ई म्हणजे वस्ती हलवण्याचा विचार करा. लांबून वाचता आलं तर वाचा, वाचण्यासाठी जवळ जाऊ नका. टँकर उभा आहे की आडवा, पेटलाय की नुसता गळतोय, ज्वाळा टाकीला लागतेय का, वारा कुठून येतोय, एवढं ११२ ला सांगितलं तर बंब निघतानाच तयारी ठरते. आमच्या सीमेवर आणखी एक गोष्ट लागते. कोगनोळीच्या आसपास मोबाईल कधी कर्नाटकाचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा. फोन कुठल्याही बाजूच्या कक्षात लागू शकतो. म्हणून गाव, तालुका, जिल्हा आणि नाक्याच्या कुठल्या बाजूला, हे आधी बोला. गावात पुकारा कानडीत आणि मराठीत दोन्हीत व्हावा, देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून. दक्षिणेतले बरेच गॅस टँकर तमिळनाडूतल्या नामक्कलचे असतात. तिथल्या चालकाशी हिंदीतही बोलणं जड जातं, पण गाडीचा तातडीने बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते त्यालाच ठाऊक असतं. त्याला जमावाने मारहाण करण्याऐवजी जवानांपाशी पोचवा.

आग आपली आपण संपली तरी टाकीवर पाणी चालू ठेवावं लागतं, कारण तापलेला पत्रा आतल्या उरल्यासुरल्या द्रवाला उकळवतच असतो. उलटलेला भरला टँकर क्रेनने ओढायच्या आधी तेल कंपनीची माणसं त्यातला गॅस दुसऱ्या टँकरमध्ये उतरवतात, त्याला बरेच तास जातात आणि तेवढा वेळ रस्ता बंदच राहायला हवा. घरी परतण्याचा निर्णय वास गेला की नाही यावरून करू नये. मरकॅप्टनच्या वासाला नाक लवकर सरावतं. गटारं, मोऱ्या, विहिरी, तळघरं आणि उसाचे खोलगट तुकडे गॅसमापक यंत्राने तपासून जवानांनी सांगितल्यावरच चूल पेटवावी.