लंडनच्या संग्रहालयांतून कलेचा इतिहास : अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमासाठी व्हिसाचा अर्ज

संग्रहालयांत प्रत्यक्ष कलाकृतींपुढे उभे राहून कलेचा इतिहास शिकवणाऱ्या, काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी लंडनला जायचे असल्यास जळगाव, धुळे वा नंदुरबारच्या विद्यार्थ्याला स्वतंत्र विद्यार्थी व्हिसा लागत नाही. मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंत शिकण्यासाठी ब्रिटनचा ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसा पुरतो. त्यावर नोकरी मात्र करता येत नाही.

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि प्रवासाच्या आधीच्या तीन महिन्यांतच करता येतो. त्यानंतर बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी व्हिसा केंद्रात स्वतः हजर राहावे लागते. खान्देशातून त्यासाठी मुंबई सोयीची. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो.

पासपोर्ट, संस्थेचे प्रवेशपत्र, शुल्काची पावती व कॉलेजचे बोनाफाईड ही कागदपत्रे सहज जमतात. खरी अडचण बँकेच्या स्टेटमेंटची. रावेर-यावल भागात केळीची कापणी झाली की पैसे एकरकमी खात्यात येतात, आणि अर्जाच्या तोंडावर जमा झालेली अशी मोठी रक्कम व्हिसा अधिकाऱ्याला उसनी वाटू शकते. म्हणून व्यापाऱ्याची पावती, सातबारा आणि खर्च आपण करणार असल्याचे वडिलांचे पत्र सोबत जोडावे. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर आवश्यक असून, ते अचूक असल्याची खात्री, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही व संपर्क त्यावर हवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर नंतर असेल, तर त्याचाही विद्यार्थ्याने अर्जासोबत जोडायच्या आपल्या पत्रात एका ओळीत खुलासा करावा.

अर्जासोबतच्या या पत्रात ‘कलेची आवड आहे’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. काय पाहायचे ते नावानिशी लिहावे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे नाव आपल्या विद्यार्थ्याने अवश्य घ्यावे, कारण जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून 1872 ते 1885 या काळात करून घेतलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला तेथे आहेत. (त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या, गिल यांची कबर आपल्या भुसावळलाच आहे.) या संग्रहालयात, तसेच ब्रिटिश म्युझियम व नॅशनल गॅलरीत कायमस्वरूपी संग्रह पाहण्यास शुल्क नाही, त्यामुळे खर्चाच्या तक्त्यात तेथील तिकिटे धरू नयेत. अजिंठ्याच्या नकला नेहमी दालनात मांडलेल्या असतातच असे नाही. तेव्हा त्या पाहायला मिळतील का, असे संग्रहालयाला आधी ई-मेलने विचारावे आणि आलेले उत्तर अर्जाला जोडावे.