रिव्हर ऑफ फंडामेंट

अमेरिकन दृश्यकलावंत मॅथ्यू बार्नी (जन्म १९६७) यांचा प्रायोगिक संगीतमय कलाचित्रपट. संगीतकार जोनाथन बेपलर यांच्या साथीने तो काही वर्षांत टप्प्याटप्प्याने घडला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिक येथे प्रथम दाखवला गेला. लांबी पाच तासांहून अधिक, अंक तीन. त्याची जातकुळी ऑपेराची, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाट्याची आहे.

आधार आहे अमेरिकन लेखक नॉर्मन मेलर यांच्या ‘एन्शंट इव्हनिंग्ज’ (१९८३) या कादंबरीचा. स्त्रीसंगाच्या क्षणी मरण पत्करून तिच्याच पोटी पुन्हा जन्मण्याची विद्या साधलेल्या प्राचीन इजिप्तमधील एका पुरुषाची ही कथा. बार्नींनी त्याच्या जागी खुद्द मेलर यांना आणले. मेलर २००७ मध्ये वारले. त्याआधी १९९९ मध्ये बार्नींच्याच ‘क्रेमास्टर २’ या चित्रपटात मेलर यांनी जादूगार हुदिनीची भूमिका केली होती. ‘रिव्हर ऑफ फंडामेंट’मध्ये त्यांचा आत्मा विष्ठेच्या नदीतून वाट काढत पुन्हा पुन्हा जन्म घेतो. पहिला अवतार त्यांचा मुलगा जॉन बफेलो मेलर याने, दुसरा तालवादक मिलफर्ड ग्रेव्ह्ज यांनी, तर तिसरा लकोटा जमातीचे वृद्ध अभिनेते डेव्ह बाल्ड ईगल यांनी साकारला आहे. मेलर यांच्या ब्रुकलिनमधील घराची हुबेहूब प्रतिकृती उभारून तिथे त्यांच्या मृत्यूनंतरचे शोकभोजन चित्रित केले आहे. पाहुणे जेवत, बोलत, गात असतात आणि खालच्या नदीतून मृत आत्मे वर येतात. मेलर यांच्या विधवेची भूमिका गायिका जोन ला बार्बरा यांची आहे.

या घरगुती प्रसंगांमध्ये तीन जाहीर प्रयोगांचे चित्रण गुंफले आहे : ‘रेन’ (लॉस एंजेलिस, २००८), ‘खू’ (डेट्रॉइट, २०१०) आणि ‘बा’ (न्यूयॉर्क, २०१३). ही नावे इजिप्ती कल्पनेतील आत्म्याच्या अंगांची आहेत. मेलरप्रमाणे मोटारीचाही पुनर्जन्म होतो : १९६७ ची क्रायस्लर इंपीरियल, मग पाँटियाक फायरबर्ड, शेवटी पोलिसांची फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया.

तिन्हींत डेट्रॉइटचा प्रयोग सर्वांत समर्थ आहे. इजिप्ती पुराणकथेत ओसायरिस या देवाच्या देहाचे तुकडे झाले, तसे येथे क्रायस्लरचे तुकडे होतात. प्रेक्षकांना बसने आणि मग बार्जवरून नदीमार्गे नेऊन एका बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या आवारात आणले गेले. तिथे खास बांधलेल्या पाच भट्ट्यांतून वितळलेले लोखंड साच्यात ओतले गेले, तेही भर पावसात. मोटारींवर जगलेल्या आणि मोटारउद्योग खचताच उजाड झालेल्या शहरात हे घडले, म्हणून पुराणकथा उपरी वाटत नाही. बेपलर यांचे संगीतही दृश्याला दिलेली निव्वळ साथ नाही. कामगारांच्या हालचाली, धातूवरचे घाव, वाद्ये आणि मानवी आवाज मिळून ते तयार होते. चित्रपटाची खरी ताकद इथे आहे. त्या मानाने शोकभोजनाचे प्रसंग काही ठिकाणी रेंगाळतात.

मलमूत्र आणि लैंगिकता यांच्या उघड चित्रणामुळे, तसेच लांबीमुळे, समीक्षकांत तीव्र मतभेद झाले. पण हा विटाळ काढून टाकला तर पुनर्जन्माची कल्पनाच पोकळ होते. कुजण्यातून उगवणे हाच तिचा गाभा आहे.

चित्रपटाबरोबर मोठी शिल्पेही घडली. डेट्रॉइटच्या ओतकामातून ‘जेद’ हे शिल्प आकाराला आले. २०१४ मध्ये म्यूनिकच्या हाउस डेअर कुन्स्ट या कलादालनात या शिल्पांचे प्रदर्शन भरले; पुढे ते ऑस्ट्रेलियातील होबार्ट आणि लॉस एंजेलिस येथेही गेले.