देव सैतानावर अजूनही प्रीती करतो का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

‘देव प्रीती आहे’ असं बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलंय, आणि तिथे कुणाला वगळलेलं नाही. मग सैतानाचं काय? प्रश्न लहान मुलाने विचारावा इतका साधा वाटतो. पण तिसऱ्या शतकापासून त्यावर ग्रंथ लिहिले गेले, धर्मगुरूंवर बहिष्कार पडले आणि एका सम्राटाने फर्मानही काढलं.

प्रश्नाचं मूळ एका जुन्या नकारात आहे. जगात चांगली आणि वाईट अशा दोन अनादी शक्ती आहेत, असं मानीपंथी, म्हणजे इराणी धर्मसंस्थापक मानीचे अनुयायी, मानत. तसं मानलं की हा पेच उरतच नाही, कारण वाईट शक्तीचा देवाशी काही संबंधच राहत नाही. चर्चला हे मान्य नव्हतं. 1215 मध्ये रोमला भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने लिहूनच ठेवलं की सैतान आणि त्याचे साथी देवाने निर्माण केले तेव्हा स्वभावाने चांगले होते, वाईट झाले ते स्वतःच्या करणीने. म्हणजे सैतान देवाचीच निर्मिती ठरली, आणि निर्माता आपल्या निर्मितीवर प्रीती करायचं थांबवतो का, हा प्रश्न गळ्यात पडला.

बायबलमध्ये सैतानाचं सलग चरित्र नाही. ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारात उभा असतो आणि परवानगी घेऊन ईयोबाचा छळ करतो. यशयाच्या चौदाव्या अध्यायातला आकाशातून पडलेला तेजस्वी तारा म्हणजे मुळात बाबेलचा राजा. यहेज्केलातलं तसंच वर्णन सोरच्या राजाचं आहे. नंतरच्या ख्रिस्ती लेखकांनी हे उतारे सैतानाला लावले आणि गर्वाने पडलेल्या देवदूताची कथा आकाराला आली. आपल्याकडे ती फादर स्टीफन्सच्या 1616 मधल्या ख्रिस्तपुराणातून ओवीबद्ध होऊन आली.

वादाला तोंड फुटलं ते तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत, अलेक्झांड्रियाचा ओरिजेन याच्यापासून. ‘देव सर्वांत सर्वकाही व्हावा’ या पौलाच्या शब्दांचा धागा धरून त्याने मांडलं की शेवटी सगळी बुद्धिमान निर्मिती देवाकडे परत येईल. त्यात सैतानही आला का? विरोधकांनी हेच पकडलं. ओरिजेनने अलेक्झांड्रियातल्या मित्रांना पत्र लिहून तक्रार केली की सैतानाचं तारण होईल असं वेडा माणूसही म्हणणार नाही, माझे शब्द फिरवले गेलेत. हे मांडणारा त्याचा मूळ ग्रीक ग्रंथ आज बराचसा हरवलाय. पूर्ण मिळतो तो रुफिनसचा लॅटिन अनुवाद, आणि आपण काही जागी दुरुस्ती केली हे रुफिनस स्वतःच सांगतो. ओरिजेनला नेमकं काय म्हणायचं होतं, यावर अभ्यासक अजून भांडतात ते काही उगाच नाही.

निसाच्या ग्रेगरीने मात्र आडपडदा ठेवला नाही. चौथ्या शतकातल्या या बिशपने लिहिलं की आमिषाखाली गळ लपवावा तसं ख्रिस्ताने मानवी देहात देवत्व लपवलं आणि सैतान फसला. पण ही फसवणूक वैद्याच्या डागणीसारखी होती. तिचा फायदा खुद्द त्या शत्रूलाही होणार आहे. मला यात इतिहासाची गंमत वाटते. आपण असं बोललोच नाही म्हणणाऱ्या ओरिजेनचा मरणोत्तर धिक्कार झाला, आणि उघड बोलणारा ग्रेगरी पूर्वेत आणि पश्चिमेत संत राहिला.

धिक्काराचं काम सम्राट जस्टिनियनने केलं. दुष्ट आत्म्यांची आणि पाप्यांची शिक्षा कधीतरी संपेल असं म्हणणारा शापित असो, असं त्याच्या 543 च्या फर्मानात आहे. 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेशीही असे शाप जोडले जातात. ते सभेने स्वतः संमत केले होते का, याबद्दल मतभेद आहेत. नीट पाहिलं तर शाप शिक्षेच्या शेवटावर आहे, प्रीतीवर नाही. हा फरक लोक नेहमी विसरतात.

पश्चिमेत उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने त्याआधीच, पाचव्या शतकात, दार लावलं होतं. चर्च शत्रूंसाठी प्रार्थना करतं, कारण ते पश्चात्ताप करू शकतात. सैतानासाठी करत नाही, असा त्याचा मुद्दा. तरीही सैतानाचा स्वभाव, केवळ स्वभाव म्हणून, वाईट नाही हेही त्यानेच लिहिलं. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने यातूनच उत्तर काढलं. जे जे अस्तित्वात आहे त्यावर देव प्रीती करतो, कारण अस्तित्व त्यानेच दिलंय. सैतानातलं तेवढं देवाला प्रिय आहे, त्याचा दुष्टपणा नाही. मग त्याला क्षमा का नाही? देवदूताला सगळं एका नजरेत कळतं, म्हणून त्याचा निर्णय माणसासारखा मागे फिरत नाही. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही हेच आहे: क्षमा अडते ती निवड अटळ असल्यामुळे, देवाच्या दयेत काही उणं असल्यामुळे नाही. कुलूप आहे, पण आतल्या बाजूने. उत्तर चतुर आहे. मात्र ज्याचं मन कधीच बदलणार नाही असा जीव देवाने घडवलाच का, हे त्यात सुटत नाही.

प्रोटेस्टंटांनी या बाबतीत फार काही बदललं नाही. लूथरपंथीयांच्या 1530 च्या आउग्सबुर्गच्या कबुलीनाम्यात सैतानाची शिक्षा संपेल म्हणणाऱ्या ॲनाबॅप्टिस्टांचा, म्हणजे प्रौढपणीच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या पंथाचा, निषेधच आहे. ख्रिस्त देवदूतांच्या नव्हे, अब्राहामाच्या वंशाच्या साहाय्याला येतो, हे इब्री लोकांस पत्रातलं वचन आजही अशा चर्चेत पुढे केलं जातं.

या सगळ्यात सर्वांत मोकळा आवाज सातव्या शतकातल्या निनवेच्या इसहाकचा. आजच्या कतारच्या परिसरात जन्मलेला, सिरियाक या जुन्या भाषेत लिहिणारा हा संन्यासी काही महिनेच बिशप राहिला आणि मग एकांतात गेला. दयाळू हृदय म्हणजे काय, तर माणसं, पक्षी, प्राणी आणि दुष्ट आत्मे यांच्यासाठीही जळणारं हृदय, असं त्याने लिहिलं. त्याच्या लेखनाचा दुसरा भाग हरवला असंच मानलं जात होतं. 1983 मध्ये सिरियाकचे अभ्यासक सेबॅस्टियन ब्रॉक यांना तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात सापडला. त्यात इसहाक आणखी पुढे जातो. देवाच्या प्रीतीत कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही; पतनाआधी होती तीच प्रीती पतनानंतरही आहे; आणि दुष्ट आत्मे कायम दुष्ट राहणार नाहीत.

इसहाक ज्या पौर्वात्य चर्चचा, त्याच्याशी केरळच्या संत थोमा ख्रिस्ती समाजाचं शतकानुशतकांचं नातं. त्रिशूरमध्ये ती परंपरा आजही चालू आहे. रोमशी मात्र हे चर्च पाचव्या शतकापासून तुटलेलं. तरीही नोव्हेंबर 2024 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी इसहाकचं नाव रोमन संतनामावलीत घालण्याचं जाहीर केलं. याचा अर्थ सैतानाबद्दलची त्याची मतं मान्य झाली असा काढता येणार नाही. संत ठरलेल्या माणसाचं प्रत्येक वाक्य चर्चची शिकवण होत नसतं. ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक भाविक आजही स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) वचनं पुन्हा उच्चारतात आणि त्यात सैतानाचा त्याग करतात. त्याच्यासाठी प्रार्थना त्या उपासनेत नाही.