३/५ मराठा म्हणजे ५ मराठा नव्हे

दर वर्षी १० जुलैच्या आसपास एक मजकूर फिरतो: ‘पाचव्या मराठा बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस.’ फोटो बरोबर, तारीख बरोबर, ब्रिटिशांचं हे सर्वोच्च शौर्यपदकही बरोबर, इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १९४४ साली गाजवलेला पराक्रमही बरोबर. पलटण, म्हणजे बटालियन, मात्र चुकलेली. घाडगे पाचव्या बटालियनमध्ये नव्हते. ते होते ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. कागदावर हेच ‘३/५’ असं लिहिलं जातं. कोणीतरी त्यातला ५ उचलला, बटालियनला चिकटवला, आणि तेव्हापासून तो तसाच पुढे ढकलला जातोय.

ही चूक मला फार लागते. सैनिकाची ओळख म्हणजे त्याची पलटण. गाव, जात, जिल्हा सगळं नंतर. ज्या पलटणीत माणूस मेला ती पलटणच चुकीची लिहायची आणि खाली ‘विनम्र अभिवादन’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

सेक्शन, प्लाटून, कंपनी, बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन ही लहानाकडून मोठ्याकडे जाणारी उतरंड बहुतेकांना ठाऊक असते, तिच्यात वेळ घालवत नाही. पलटण म्हणजे बटालियन, लढते ती. रेजिमेंट म्हणजे त्या पलटणींचं घराणं: एक केंद्र, एक बॅज, एक युद्धघोष. हेही माहीत असतं. घोटाळा होतो तो आकड्यावरून, कारण घराण्यालाही आकडा होता आणि पलटणीलाही.

तिरक्या रेघेच्या आधीचा आकडा पलटणीचा, नंतरचा घराण्याचा. एवढं लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं. इटलीतल्या सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे शिपाई नामदेव जाधव १/५ मराठाचे, म्हणजे त्याच घराण्याची पहिली पलटण. त्याच दिवशी त्याच नदीवर तेच पदक मिळवणारे अली हैदर ६/१३चे: १३व्या फ्रंटियर फोर्स रायफल्सची सहावी पलटण.

पण उरलेलं अर्धं काम त्याहून अवघड आहे, आणि माणसं अडकतात ती तिथेच. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या इतिहासात ‘५’ हा आकडा एकदा नाही, तीन वेळा येतो. तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा.

पहिला ५ सर्वांत जुना. मुंबई इलाख्याच्या फौजेत ‘५वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री’ होती. १८४० साली बलुचिस्तानातल्या मरी टेकड्यांमधलं कहानचं ठाणं कॅप्टन लुईस ब्राऊन यांच्या हाताखाली वेढ्यात टिकवून धरलं ते याच पलटणीच्या तुकडीने. तिचं लाडकं नाव ‘काली पांचवीं’. आजही ते नाव अभिमानाने घेतलं जातं, पण ते घेते कोण? २ मराठा. पाचवी नव्हे, दुसरी. टोपणनावात ५ राहिला आणि पलटणीचा आकडा बदलत बदलत २ झाला.

दुसरा ५ आला १९२२ साली. तो कोणत्याच एका पलटणीचा नव्हता, सगळ्या घराण्याचा होता: ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री. त्या वर्षी हिंदुस्थानी पायदळाची वीस मोठ्या रेजिमेंटांत मांडणी झाली आणि प्रत्येकीला क्रमांक मिळाला. ३री मद्रास, ४थी बॉम्बे ग्रेनेडियर्स, ५वी मराठा, ६वी राजपुताना रायफल्स, असे ते विसावर जाऊन थांबले. दुसऱ्या महायुद्धातल्या सगळ्या ‘/५’चा ५ तो हा.

तिसरा ५ आजचा. ५ मराठा, म्हणजे पाचवी पलटण. पहिल्या महायुद्धातली ती ११७वी. तिला त्या युद्धातल्या कामगिरीबद्दल ‘रॉयल’ हा किताब मिळाला, १९२२ मध्ये ती ५/५ झाली, आणि घराण्याचा ५ गळून पडल्यावर नुसती ५ उरली.

आता विचार करा. एखाद्या घरात आजोबांच्या ट्रंकेत कागद सापडतो, त्यावर इंग्रजीत ‘५ मराठा’ असं काहीतरी दिसतं. नातू ५ मराठाचा इतिहास वाचायला घेतो. आजोबा कदाचित लिबियातल्या टोब्रुकला पकडले गेलेल्या २/५चे असतील, किंवा मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईतल्या ४/५चे. आमच्या गावाकडच्या एका घरात नेमकं हेच झालं होतं. पणजोबांना सगळे ‘रॉयलचे’, म्हणजे इटलीत लढलेल्या ५/५चे, म्हणत. निवृत्तीचं पुस्तक नीट उघडून पाहिलं तर रेघेच्या आधी स्पष्ट ४ होता. त्या घराने इतकी वर्षं इटलीच्या गोष्टी सांगितल्या, आणि पणजोबा लढले मणिपूरच्या डोंगरात.

म्हणून माझा आग्रह असा, की आकडा वाचण्याआधी कागदाची तारीख वाचा.

१९०३ पूर्वीचा कागद असेल तर आकड्याबरोबर ‘बॉम्बे’ शब्द शोधा. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या तीन फौजा होत्या आणि प्रत्येकीचे आकडे एकपासून सुरू व्हायचे. नुसत्या ‘पाचवी’ला काहीच अर्थ नव्हता. १८९५ मध्ये इलाख्यांच्या फौजा एकत्र आल्यावर हा गोंधळ निस्तरणं भाग होतं. ते केलं हिंदुस्थानचे सरसेनापती लॉर्ड किचनर यांनी, १९०३ साली. बंगालच्या पलटणींपासून क्रमांक सुरू झाले, मद्रासच्या आकड्यांत ६० मिळवले, मुंबईच्या आकड्यांत १००. म्हणून ३री बॉम्बे झाली १०३वी, ५वी झाली १०५वी, १०वी झाली ११०वी, आणि १४, १६, १७ झाल्या ११४, ११६, ११७.

तर १९०३ ते १९२२ मधला तीन आकडी क्रमांक दिसला की शंभर वजा करा, बहुतेक वेळा जुनी बॉम्बे पलटण हाती लागते. आणि कृपा करून ‘मराठा रेजिमेंटची ११७वी बटालियन’ असं लिहू नका. मराठा रेजिमेंटला ११७ पलटणी कधीच नव्हत्या. त्या काळात ‘मराठा रेजिमेंट’ नावाचं एक घराणंच नव्हतं. १०३वी, ११०वी, ११७वी या तीन स्वतंत्र रेजिमेंटा होत्या आणि साधारणपणे एक रेजिमेंट म्हणजेच एक बटालियन. २९ एप्रिल १९१६ रोजी आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराला ब्रिटिश-हिंदी फौजेची शरणागती झाली तेव्हा ६व्या पुणे डिव्हिजनमध्ये या तिन्ही होत्या. आज आपण त्यांना एका घराण्याच्या म्हणतो, तेव्हा त्या शेजारणी होत्या.

१९२२ची मांडणी त्या युद्धाच्या अनुभवातून आली. एकएकट्या पलटणीला मेलेल्या-जखमी झालेल्या जवानांची जागा भरून काढणं जमेना. मग शेजारणी एकत्र बांधल्या: १०३वी झाली १/५, १०५वी २/५, ११०वी ३/५, ११६वी ४/५, ११७वी ५/५. आणि ११४वी झाली १०/५. इथे आणखी एक खड्डा आहे. १० पाहून लोक दहा पलटणी मोजतात. पलटणी सहाच होत्या. १० हा आकडा प्रत्येक रेजिमेंटमध्ये प्रशिक्षणाच्या पलटणीसाठी राखून ठेवलेला असे, रंगरूट घडवायचे ते तिथे. बेळगावच्या मराठा सेंटरचा वारसा त्या १०/५कडे जातो. मधले आकडे युद्ध आलंच तर नव्या पलटणी उभारायला मोकळे होते.

महायुद्ध संपता संपता घराण्यांचे क्रमांक काढून टाकले गेले. मागे राहिली ती नुसती मराठा लाइट इन्फन्ट्री. त्यामुळे आजच्या ‘१ मराठा’त कसलीच संदिग्धता नाही. महार रेजिमेंटच्या कागदांना हा त्रास कधी झालाच नाही. ती १९४१ साली उभी राहिली ती क्रमांकाविनाच. तिच्या आधीची १११वी महार १९१७ ते १९२१ एवढीच होती. ती वेगळी रेजिमेंट, १११वी बटालियन नव्हे, हे मात्र ध्यानात असू द्या.

रेघ आजही जिवंत आहे ती गोरखा रायफल्समध्ये, आणि वर्तमानपत्रं तिथे हटकून घसरतात. गोरखांनी घराण्याचा क्रमांक सोडला नाही. १९४७ मध्ये दहा गोरखा रेजिमेंटांपैकी १, ३, ४, ५, ८ आणि ९ भारताकडे आल्या, २, ६, ७ आणि १० ब्रिटिशांकडे गेल्या, ११वी आपण नव्याने उभारली. कारगिलमध्ये परमवीर चक्र मिळवणारे मनोजकुमार पांडे १/११चे, म्हणजे ११ गोरखाची पहिली पलटण. जनरल बिपिन रावत ५/११चे. हे ‘११वी बटालियन, ५ गोरखा’ असं छापलेलं मी वाचलंय. ५ गोरखा ही स्वतःचा मोठा इतिहास असलेली वेगळी रेजिमेंट आहे, म्हणून ही चूक छापखान्यातली म्हणून सोडून देता येत नाही.

बाहेरच्या देशांकडे पाहिलं की रेघ तीच, पण घराण्याचा अर्थ बदलतो. अमेरिकी मरीन कोअरमध्येही एक ३/५ आहे: ५व्या मरीन रेजिमेंटची तिसरी बटालियन. ते लोक रेजिमेंटला नुसतं ‘५वे मरीन्स’ म्हणतात, त्यामुळे ‘१ले मरीन्स’ आणि ‘१ली मरीन डिव्हिजन’ यांची गल्लत तिकडेही होते. फरक असा की त्यांची रेजिमेंट खरोखर एकत्र लढणारं दल आहे. तिला कर्नल असतो, त्याच्या हुकमाखाली तिच्या पलटणी असतात. १९१८ साली फ्रान्समधल्या बेलो वूडच्या जंगलात ५वे मरीन्स लढले असं म्हटलं तर ते शब्दशः खरं आहे.

‘दुसऱ्या महायुद्धात ५वी मराठा लढली’ हे वाक्य मात्र तसं खरं नाही. १/५ इटलीत ८व्या इंडियन डिव्हिजनमध्ये, ३/५ तिथेच पण १०व्या डिव्हिजनमध्ये, २/५ जून १९४२ मध्ये टोब्रुकला कैद, ४/५ मार्च १९४४ मध्ये सांगशाकला ५०व्या पॅराशूट ब्रिगेडसोबत जपान्यांशी झुंजत. एका घराण्याची मुलं अशी विखुरलेली. ब्रिटिश पद्धत अशीच होती आणि आपण ती घेतली: ब्रिगेडमध्ये वेगवेगळ्या रेजिमेंटच्या पलटणी एकत्र. म्हणून आपल्याकडे नुसतं रेजिमेंटचं नाव सांगून माणूस कुठे लढला हे कळत नाही. पलटणीचा आकडा लागतोच.

(८वी इंडियन डिव्हिजन ब्रिटिशांच्या ८व्या आर्मीत होती. दोन आठांचा एकमेकांशी संबंध नाही.)

घोडदळात मात्र रेघेचा नियम विसरा. ब्रिटिशांचे १७/२१ लान्सर्स म्हणजे सतराव्या आणि एकविसाव्या लान्सर्सचं १९२२ मध्ये झालेलं एकत्रीकरण. १६/५ लान्सर्समध्ये तर मोठा आकडा आधी आहे. ५वे लान्सर्स १७९९ मध्ये बरखास्त होऊन १८५८ मध्ये पुन्हा उभे राहिले, त्यात त्यांची ज्येष्ठता गेली. आपल्या पूना हॉर्सचंही तसंच: ३३वी आणि ३४वी एक होऊन १९२१ मध्ये ३३/३४ कॅव्हलरी झाली, नंतर १७वी पूना हॉर्स. घोडदळाची आणि आताच्या रणगाडा दलाची रेजिमेंट आकाराने पलटणीएवढीच असते, त्यामुळे तिथे घराणं आणि पलटण एकच. परमवीर चक्र मिळवणारे तारापोर १९६५ला आणि खेत्रपाल १९७१ला ज्या पूना हॉर्समधून लढले तिला वेगळा बटालियन क्रमांक लावू नका.

राहिली एक गोष्ट, आणि ती घाडगेंच्या पलटणीचीच. ‘मग आजच्या ३ मराठाने त्यांचा वारसा चालवला असेल ना?’ असं मला विचारतात. नाही. ती पलटण छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. तिथे तिचा आकडा बदलून २ पॅरा झाला. ११ डिसेंबर १९७१ रोजी आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला विमानांतून छत्रीने उतरली ती हीच पलटण. उलट १९८५ साली उभी राहिलेली २१ मराठा १९९६ मध्ये स्पेशल फोर्सेस झाली तेव्हा तिने आपला आकडा सोबत नेला. २१ पॅराचा २१ मराठा घराण्यातून आलेला आहे, पॅराच्या एकवीस पलटणी आहेत म्हणून नव्हे. एकीने आकडा टाकला, दुसरीने जपला. दोन्हींचं मूळ मराठा घराण्यात.

माणगावला किंवा कुठेही घाडगेंच्या नावाचा नवा फलक लावायचा असेल तर मजकूर एवढाच ठेवा: नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, ३री बटालियन, ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री, आताची २ पॅरा. इटली, १० जुलै १९४४.